उतार

मे महिना, त्रिमूर्तीनगरची गच्ची, रात्रीचे साडेदहा.
स्लॅब अजून ताप सोडतोय,
बादलीभर पाणी मारलं तर चर्रकन पिऊन टाकतो
आणि परत तसाच.
मैत्रेयीने पाठवलेली बाटली
ओल्या पंचात गुंडाळून माठाला टेकवून ठेवलीय.
फ्रिजात ठेव म्हणाली होती.
फ्रिजात पन्हं होतं.

बगळ्याच्या मानेची, हिरवी बाटली.
लेबलवर नदीचं वळण आणि एक डोंगर,
इतका उभा
की काढणाऱ्याने कागद चुकून फिरवला असावा.

तीस वर्षं मी माती तपासली.
कळमेश्वर, काटोल, नरखेड,
कापडी पिशवीत किलोभर, आत गट नंबरची चिठ्ठी.
आपली काळी माती बोटाला लागली की सोडत नाही,
पाणी मागाल तितकं, चुना मागाल त्याहून जास्त.
हिच्यात ही वेल लावली असती
तर पानंच पानं माजली असती
आणि द्राक्ष लाडावलेल्या पोरासारखं,
गोड, आणि पुढे काही नाही.

झाडेसाहेब म्हणत, सुपीक लिहा, सही करा.
पण सावळीच्या बागेत फकिरा उईके
पाणी तोडून संत्र्याला ताण द्यायचा.
पानं मलूल व्हायची, माझा जीव खालीवर.
"तहान लागू द्या न बाई," तो म्हणे,
"पोट भरलेलं झाड कायले फुलते?"
मग एका सकाळी सगळी बाग पांढरी,
वासाने कपाळ दुखेल इतकी.

तिकडे हा ताण डोंगरच देतो.
माती नाहीच, मैत्रेयी सांगते,
नुसता पाटीचा दगड.
आपण अ आ गिरवला त्याच पाटीचा,
फुटलेल्या, पापुद्रे सुटलेल्या पाट्यांचा ढीग.
पाऊस झाला की तो घसरत नदीकडे निघतो
आणि माणसं टोपल्या भरून त्याला परत वर नेतात.
दरवर्षी.
सूर्य तिथे कमरेत वाकून येतो,
म्हणून डोंगर त्याच्यासमोर छाती काढून उभा.
दिवसाचं ऊन दगड रात्री घडांना परत करतो,
या स्लॅबसारखंच,
फक्त तिथली हवा गार, म्हणून तो उपकार ठरतो.
घड घाई करत नाहीत.
आंबटपणा शेवटपर्यंत जागा सोडत नाही.

स्टीलच्या पेल्यात ओतली.
पहिला वास रॉकेलचा!
रेशनची रांग, पिन मारूनही न पेटणारा स्टोव्ह.
नाक मागे घेतलं, परत नेलं.
मग लिंबाची साल,
मग काहीतरी ओळखीचं, नाव न आठवणारं.
तिसऱ्या घोटाला आठवलं.
थुंकी लावून पुसलेली पाटी.
गोड म्हणावं तर मागून आंबट येतं
आणि हात धरून उभं करतं.

फोन लावला. "कुठल्या वर्षाची गं ही?"
"आठ वर्षांची झाली. मी पडले त्या हंगामाची."
"कधी पडलीस?"
पलीकडे कात्र्यांचा आवाज, कुणी तरी हसलं.
"अगं, वरच्या रांगेतून, पाठीवर पाटी होती घडांची.
घोटा मोडला. तू म्हणाली असतीस, परत ये."
"म्हणाले असते."
"तेच."

इथे सगळं सपाट.
बाटली आडवी ठेवली तरी घरंगळत नाही.
आम्ही ताप गेला की उतार पडला म्हणतो,
वय झालं की उतारवय,
आणि दारू तेवढी चढते.
मला चढली नव्हती.

पंचा पिळून दोरीवर टाकला.
जुन्या सवयीने पाठीमागच्या कॅलेंडरवर लिहिलं:
निचरा, अति जलद. खोली, वीतभर. सुपीकता, कमी.
शिफारस
पुढचं सुचेना.
पेल्याच्या तळाशी थोडी उरली होती,
ती कोमट झाली होती एव्हाना,
रॉकेल अजून होतंच.